सौरकणांची ध्रुवांकडची वाट

२० जानेवारी २००५. भारतात दुपारचे बारा वाजून गेले होते. त्या सुमारास सूर्यावर प्रचंड सौरज्वाला उसळली आणि काही मिनिटांतच दक्षिण ध्रुवावरील न्यूट्रॉन मापकाची नोंद नेहमीच्या अनेक पटींनी वाढली. सूर्यप्रकाशाला पृथ्वीवर यायला सुमारे सव्वाआठ मिनिटे लागतात. हे कण त्याच्या पाठोपाठ येऊन थडकले.

हे कण म्हणजे मुख्यतः प्रोटॉन. विद्युतभारित असल्यामुळे ते प्रकाशासारखे सरळ येत नाहीत. सूर्य स्वतःभोवती फिरत असल्याने त्याच्या चुंबकीय बलरेषा अवकाशात सर्पिलाकार वळतात आणि कण त्याच वाटेने धावतात. म्हणून सूर्यबिंबाच्या पश्चिम भागातील ज्वाला पृथ्वीला अधिक जाचक ठरते. २००५ ची ज्वाला तेथलीच होती.

पुढे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र आडवे येते; ‘आडवे’ हा शब्द येथे अक्षरशः खरा आहे. विषुववृत्तावर बलरेषा जमिनीला समांतर असतात. त्या ओलांडू पाहणारा कण वळून मागे फेकला जातो. भारताला लाभलेले हे कवच फार भक्कम आहे. ध्रुवांजवळ मात्र त्याच रेषा जवळजवळ उभ्या होऊन अवकाशात मोकळ्या सुटतात. कण त्यांच्याभोवती गिरक्या घेत खाली उतरतात.

ध्रुवीय प्रकाशाशी याची नेहमी गल्लत होते. तो मुख्यतः इलेक्ट्रॉनांमुळे, ध्रुवांभोवतीच्या कड्यात दिसतो. प्रोटॉनांचे काम डोळ्यांना दिसत नाही. सुमारे ५० ते ९० किलोमीटर उंचीवर ते हवेचे आयनीभवन करतात आणि लघुलहरींवरील रेडिओ संदेश तेथेच शोषले जातात. जानेवारी २०१२ मध्ये याच भीतीने ध्रुवीय मार्गावरील काही विमाने दक्षिणेकडील लांबच्या वाटेने न्यावी लागली.