पिकअपमध्ये लाकूड किती भरायचं? (भागाचं लेखी रूप)

आजचा विषय गावाकडच्या, तालुक्याच्या ठिकाणच्या कित्येक श्रोत्यांच्या रोजच्या पोटापाण्याचा आहे. पिकअप घेतलीय, हप्ता चालू आहे, आणि वखारीवरून किंवा शेतावरून जळाऊ लाकूड उचलून बेकरीला, वीटभट्टीला, ढाब्याला नाहीतर लग्नाच्या आचाऱ्याला पोचवायचं काम मिळालंय. समोरचा म्हणतो, "अजून चार ओंडके टाक रे, काय होतंय!" काय होतं, तेच आज बघू. थोडं गणित आहे, पण मोबाईलच्या कॅलक्युलेटरवर होईल एवढंच.

आधी आरसी उघडा

गाडी किती ओढते हे इंजिनाला विचारू नका, आरसीला विचारा. त्यावर दोन आकडे असतात: रिकाम्या गाडीचं वजन आणि मालासकट जास्तीत जास्त वजन. दुसऱ्यातून पहिला वजा करा. जे उरतं तेवढाच तुमचा हक्काचा बोजा, आणि त्यातच ड्रायव्हर, क्लीनर, दोर, ताडपत्री सगळं आलं. छोटा हत्ती म्हणतो त्या गाड्यांत हा आकडा पाऊण टनाच्या आसपास येतो. बोलेरो पिकअपसारख्या गाड्यांत मॉडेलनुसार साधारण सव्वा ते पावणेदोन टन. आपण उदाहरणासाठी सव्वा टन, म्हणजे १,२५० किलो धरू.

हौदा भरला म्हणजे किती झालं?

समजा हौदा अडीच मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद आहे. फाळक्याच्या उंचीपर्यंत, म्हणजे अर्धा मीटर लाकूड रचलं. जागा झाली साधारण २.१ घनमीटर. पण ओंडक्यांच्या मधे फटी असतात, त्यामुळे नीट रचलं तरी खरं लाकूड सुमारे ६० टक्केच, म्हणजे सव्वा घनमीटर. बाभळीसारखं कठीण लाकूड ताजं तोडलेलं असेल तर एका घनमीटरचं वजन साधारण १,००० किलो भरतं.

म्हणजे बघा, हौदा फाळक्यापर्यंत भरला तिथेच १,२५० किलो झाले. तुमची मर्यादा संपली. आता रस्त्यावर दिसणाऱ्या गाड्या आठवा. फाळक्याच्या वर अजून अर्धा मीटर रास आणि वरून दोर. ती गाडी अडीच टन घेऊन चाललीय, मर्यादेच्या दुप्पट. डोळ्यांना मात्र "थोडंसंच वर गेलंय" असं वाटतं. लाकूड इथेच फसवतं. कडबा हौद्याबाहेर डोंगराएवढा दिसतो पण हलका असतो. ओलं लाकूड दिसतं कमी आणि भरतं जास्त.

भाडं लाकडाचं की पाण्याचं?

ताज्या लाकडाच्या वजनात तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी असू शकतं. ४० टक्के धरलं तर १,२५० किलोच्या खेपेत ५०० किलो पाणी आहे. ५०० लिटरची टाकी हौद्यात ठेवून डिझेल जाळल्यासारखंच झालं. भट्टीत गेल्यावर त्याच लाकडाची बरीचशी आच हे पाणी उडवण्यात जाते, धूर होतो, गिऱ्हाईक कुरकुरतं.

तेच लाकूड फोडून, पाऊस लागणार नाही पण वारा लागेल असं काही महिने रचून ठेवलं आणि पाणी २० टक्क्यांवर आलं, तर १,२५० किलोत जळणारा भाग ७५० ऐवजी १,००० किलो होतो. कायद्यातल्या वजनातच एक तृतीयांश जास्त जळण. रास फाळक्याच्या वर जेमतेम वीतभर जाईल. त्यामुळे गिऱ्हाईकाशी बोलताना खेपेचा दर ठरवण्यापेक्षा सुक्या लाकडाचा वजनावर दर ठरवा. दर खेपेवर असला की जास्त भरायचा दबाव तुमच्यावरच येतो.

घाटात नेमकं काय होतं?

आता जिवाची गोष्ट. आंबोली, फोंडा, कुंभार्ली असे घाट उतरताना गाडी साधारण ५०० मीटर खाली येते. रिकामी गाडी पावणेदोन टनांची आणि वर सव्वा टन माल, म्हणजे तीन टन. एवढं वजन ५०० मीटर खाली आणताना जी ऊर्जा सुटते, तिने सुमारे ५० लिटर पाणी उकळीला येईल. अडीच टन माल असेल तर ७० लिटर. यातला काही भाग हवा आणि टायर खातात. बाकीचा भार इंजिनाने घ्यायचा की ब्रेकने, हे तुमच्या गिअरवर ठरतं.

टॉप गिअरमध्ये ब्रेक दाबत उतरलात तर ती आग ब्रेकमध्ये साठते. लायनर तापले की पकड सुटते. ब्रेक ऑइल जुनं असेल, तर त्यात हवेतला ओलावा शिरलेला असतो आणि ते लवकर उकळतं. मग पेडल मऊ लागतं आणि खाली जातं. याला आपण "ब्रेक फेल झाला" म्हणतो. खरं तर तो फेल होत नाही, आपण त्याला शिजवतो.

नियम जुना आणि सोपा: ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. आणि डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणं अजिबात नको. इंजिनाची पकड जाते आणि सगळं ओझं ब्रेकवर येतं. इंजिनच बंद केलंत तर ब्रेकची मदत आणि पॉवर स्टिअरिंगही जातं.

रचायचं कसं?

जड, जाड ओंडके तळाला आणि केबिनला टेकवून. जोरात ब्रेक लागला तर माल पुढे सरकतो. मधे मोकळी जागा असेल तर ओंडका वेग घेऊन केबिनवर आदळेल.

सगळं वजन मागच्या चाकांच्या मागे ठेवलंत, लांब बल्ल्या मागे बाहेर लोंबत ठेवल्या, तर तराजूसारखं पुढचं तोंड उचललं जातं. स्टिअरिंग हलकं लागायला लागतं. ही खूण आहे, पुढच्या टायरची पकड कमी झालीय. ब्रेक मारताना सर्वात जास्त काम पुढचीच चाकं करतात, हे लक्षात ठेवा.

निलगिरीसारखे गोल, गुळगुळीत ओंडके फाळक्याच्या वर रचू नका, ते गडगडतात. दोर बांधल्यावर पाच-दहा किलोमीटरवर थांबून परत ताणा, कारण माल बसतो आणि दोर सैल पडतो. निघण्याआधी टायर थंड असताना हवा तपासा. कमी हवेचा टायर बोज्याखाली तापतो आणि फुटतो. मागचे पाटे उलटे वाकलेले दिसले किंवा रात्री हेडलाइट झाडांच्या शेंड्यावर पडायला लागला, तर काट्यावर न जाताही उत्तर मिळालं.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा बोज्याला २०,००० रुपये दंड आहे, वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये. जादा माल उतरवायचा खर्च तुमचा, आणि तो उतरवल्याशिवाय गाडी हलत नाही. म्हणजे कित्येक खेपांची कमाई एका नाक्यावर गेली.

दुसरं, लाकूड स्वतःच्या बांधावरचं असलं तरी अनेक जातींना वन विभागाचा वाहतूक पास लागतो. काही जातींना सूट आहे. भाडं घेण्याआधी कुठलं झाड आहे ते विचारा आणि वनपरिक्षेत्र कार्यालयात खात्री करा. १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली लाकडाबरोबर वाहनही जप्त होऊ शकतं. लाकूड मालकाचं, पण हप्ता चालू असलेली गाडी तुमची.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं

लाकूड भरायला आलेली माणसं परत जाताना बहुतेक वेळा त्याच राशीवर बसतात. केबिनमध्ये जागा नाही, दुसरी गाडी नाही, म्हणून. गाडी कलंडली तर ड्रायव्हरभोवती निदान पत्रा असतो. वरच्या माणसाभोवती काहीच नसतं, आणि टनभर लाकूड त्याच्याच अंगावर येतं. कायद्याने ते चालत नाहीच. पण कायदा बाजूला ठेवला तरी दोन माणसांचं एसटीचं किंवा वडापचं भाडं खेपेच्या हिशेबात धरा आणि ते मालकाला आधीच सांगा. पुढच्या वेळी कुणी म्हणालं "टाक रे अजून चार," तर काट्याची पावती त्याच्यापुढे धरा. वाद तिथेच संपतो.

तुमच्याकडे कुठलं लाकूड चालतं, दर खेपेवर की वजनावर, हे व्हॉइस नोटवर नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. सावकाश चालवा!