जुनी मोटार देऊन नवी घेताना

घरातील जुनी मोटार काढून तिच्या जागी हल्लीच्या उंच बांध्याची छोटी एसयूव्ही घ्यावी, असा विचार सध्या पुष्कळ कुटुंबांत चाललेला दिसतो. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांपुरते पाहिले, तर या विचारास नुसती हौस म्हणता येणार नाही. येथील गृहस्थास कोठेही जावयाचे झाले तरी घाट, खड्डे किंवा पाणी यांपैकी एकाशी गाठ पडल्यावाचून राहत नाही. महाबळेश्वरास जाण्यास आंबेनळीचा घाट, भोरवरून पुण्यास जाण्यास वरंध्याचा, आणि खेड-चिपळूणकडे जाण्यास कशेडीचा. कशेडीस बोगदा झाला आणि २०२३ च्या गणेशोत्सवापूर्वी त्यातून हलक्या वाहनांची ये-जा प्रथम सुरू झाली, त्यामुळे तेवढा एक त्रास कमी झाला. परंतु पाहुण्यांना रायगडाच्या पायथ्याशी पाचाडास अथवा समर्थांच्या शिवथरघळीस न्यावयाचे म्हटले, की वळणांचा अरुंद रस्ता अद्यापि ठरलेलाच आहे.

अशा प्रदेशात बारा-पंधरा वर्षे इमानाने सेवा केलेली ठेंगणी मोटार देऊन उंच मोटार घेणे सयुक्तिक ठरू शकते. मात्र या अदलाबदलीत दोन गोष्टींविषयी चांगल्या सुशिक्षित घरांतूनही गैरसमज आढळतो. नव्या गाडीच्या उंचीने काय साधते आणि काय साधत नाही, ही पहिली गोष्ट. आणि जुनी गाडी खऱ्या अर्थाने आपल्या हातून केव्हा जाते, ही दुसरी. या दोहोंचा विचार येथे क्रमाने करू.

नव्या गाडीचे स्वरूप

पूर्वीची जीप म्हणजे लोखंडी चौकटीवर निराळे घर बसविलेले दणकट वाहन. आज जिला 'क्रॉसओव्हर' म्हणतात ती गाडी तशी नव्हे. तिचा सांगाडा साध्या मोटारीप्रमाणे एकसंध असतो. फक्त बैठक उंच, चाके मोठी आणि पोट जमिनीपासून वर उचललेले. टोयोटा कंपनीने १९९४ साली 'रॅव्ह-४' नावाची गाडी काढली, तेव्हापासून हा प्रकार जगभर रुळला. आपल्याकडे २०१३ साली फोर्डची 'इकोस्पोर्ट' आली, २०१६ साली मारुतीची 'व्हिटारा ब्रेझा', २०१७ साली टाटांची 'नेक्सॉन' आणि २०२१ साली त्यांचीच 'पंच'.

या गाड्या चार मीटरांच्या आत बसविलेल्या असतात, यामागे सौंदर्यदृष्टी नसून कराचा हिशेब आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरांपर्यंतच्या आणि ठरावीक मापाच्या इंजिनाच्या गाड्यांवरील अबकारी कर कमी करण्यात आला, तेव्हा कारखानदारांनी त्या मापात गाड्या घडविण्यास आरंभ केला. ती मर्यादा आजही टिकून आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरांपर्यंतच्या आणि पेट्रोलचे १२०० किंवा डिझेलचे १५०० घन सेंटिमीटरपर्यंतचे इंजिन असलेल्या गाडीवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे, तर त्याहून मोठीवर ४० टक्के. म्हणून गाडी पसंत करण्यापूर्वी तिची लांबी आणि इंजिनाचे माप दोन्ही विचारून घ्यावीत. लांबी बसली पण इंजिन मोठे निघाले, तर सवलत मिळत नाही.

आता लाभ पाहू. ज्यास गाडीवाले 'ग्राउंड क्लिअरन्स' म्हणतात, ते जमिनीपासून पोटापर्यंतचे अंतर जुन्या छोट्या मोटारीत सुमारे १६ सेंटिमीटर असते. या नव्या प्रकारात ते १९ ते २१ सेंटिमीटरांच्या आसपास येते. पावसाळ्याने उखडलेल्या रस्त्यावर आणि अंगणाच्या चढावर एवढ्या फरकानेही पोट घासणे वाचते. दुसरा लाभ वडीलधाऱ्यांचा. ठेंगण्या गाडीत आजी-आजोबांना खाली वाकून बसावे लागते आणि उतरताना गुडघ्यांवर सारा भार देऊन उठावे लागते. उंच बैठक खुर्चीच्या पातळीस येत असल्यामुळे तो त्रास पुष्कळ कमी होतो. तिसरा लाभ सर्वांत मोठा असून तो डोळ्यांस दिसत नाही. एबीएसचा ब्रेक आणि चालकापुढील एअरबॅग या दोन गोष्टी आपल्या देशात २०१९ साली सक्तीच्या झाल्या. त्याआधीच्या कित्येक साध्या गाड्यांत त्या नाहीत. डिसेंबर २०१८ मध्ये 'ग्लोबल एनकॅप' या परदेशी संस्थेच्या आघात-परीक्षेत 'नेक्सॉन'ला प्रौढांच्या सुरक्षिततेबद्दल पाच तारे मिळाले. भारतात तयार झालेल्या गाडीस हा मान तेव्हा प्रथमच मिळाला. १ ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही आपली स्वतःची परीक्षाही सुरू झाली आहे. रंग आणि आतील पडद्याचा आकार यांची चर्चा करण्याआधी घरातील कर्त्या माणसाने हे तारे विचारावेत.

उंचीची मर्यादा

गाडी उंच झाली म्हणजे ती पाण्यातून जाईल, ही समजूत महाडसारख्या गावी घातक आहे. सावित्री महाबळेश्वरी उगम पावते. घाटमाथ्यावरचा पाऊस पोटात घेऊन ती महाडास येते, तेथे गांधारी आणि काळ नद्यांचे पाणी तिला मिळते, आणि खाडीला भरती असली तर पुढे जाण्यास वाव राहत नाही. २२ जुलै २०२१ रोजी शहर पाण्याखाली गेले, त्याच दिवशी तळीये गावावर दरड कोसळली. त्यापूर्वी २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील ब्रिटिश आमदानीतला दगडी पूल पुरात वाहून गेला आणि एस. टी.च्या दोन बसगाड्या उतारूंसह नदीत गेल्या. जेथे बसगाडीचा निभाव लागला नाही, तेथे आपल्या मोटारीच्या चार बोटे जास्त उंचीची कथा काय!

'चार बोटे' हा शब्द अलंकारिक नव्हे. हिशेब करून पाहावा. जुनी छोटी मोटार सुमारे ७५० किलो वजनाची आणि साधारण ५ चौरस मीटर जागा व्यापणारी. पाणी तिच्या पोटाला लागल्यावर दर १० सेंटिमीटर चढावास ते सुमारे ५०० किलो भार वर उचलते. म्हणजे १६ सेंटिमीटर मोकळी जागा आणि वर १५ सेंटिमीटर, मिळून ३१ सेंटिमीटर पाण्यात ती तरंगू लागेल. नवी गाडी सुमारे १२०० किलोची आणि ७ चौरस मीटरांची धरली, तर तिची २० सेंटिमीटर मोकळी जागा आणि वर १७ मिळून ३७ सेंटिमीटर होतात. फरक सहा सेंटिमीटरांचा! हा हिशेब ढोबळ आणि स्थिर पाण्याचा आहे. वाहते पाणी बाजूने ढकलीत असल्यामुळे त्याहून कमी खोलीतही चाकांची पकड सुटू शकते. पोटरी बुडेल एवढे पाणी रस्त्यावर वाहत असेल, तर गाडी जुनी असो वा नवी, मागे फिरणे हाच एक शहाणपणा होय.

पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीची किल्ली फिरवू नये, हेही घरातील प्रत्येकास ठाऊक असावे. इंजिनाच्या नळकांड्यात हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. ते आत शिरल्यावर इंजिन सुरू करू गेल्यास आतील दांडे वाकतात. विम्याची कंपनी असे नुकसान सामान्यतः पुराचे मानीत नाही. त्यासाठी इंजिन-संरक्षणाची निराळी जोड घ्यावी लागते. आणि ज्या जुन्या गाडीचा नुसता सक्तीचा 'थर्ड पार्टी' विमा उतरविलेला असतो, तिचे पुरात काहीही झाले तरी मालकास एक पैही मिळत नाही. तेव्हा नवी गाडी येईपर्यंत जुनीचा पूर्ण विमा चालू ठेवणे हिताचे.

घाटाविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर असल्यामुळे ती वळणावर ठेंगण्या गाडीपेक्षा अधिक कलते. जुन्या मोटारीच्या सवयीने आंबेनळीची वळणे घेणाऱ्याने आरंभीचे काही महिने वेग कमीच ठेवावा, आणि उतार खालच्या गिअरमध्ये उतरावा. शिवाय यांतील बहुतेक गाड्यांची पुढचीच दोन चाके इंजिनाने फिरतात. रूप जीपचे असले तरी चिखलातून वर चढण्याचे बळ जीपचे नव्हे. चार मीटरांच्या आतील या गाड्यांत बहुधा आसने पाचच असतात, ही गोष्ट एकत्र कुटुंबाने विशेष लक्षात ठेवावी. लग्नमुंजीस आठ माणसे कोंबून घाट चढणे हे नव्या गाडीच्या साऱ्या सुरक्षिततेवर पाणी सोडण्यासारखे आहे. ज्यांस पट्टा नाही त्यांस एअरबॅगही वाचवू शकत नाही.

जुन्या गाडीचा निरोप

पंधरा वर्षे झाली म्हणजे गाडी आपोआप बाद होते, असे पुष्कळांस वाटते व त्या भीतीने ती मातीमोलाने दिली जाते. महाराष्ट्रात तसे नाही. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षे चालते व पुढे गाडी तपासणीत योग्य ठरल्यास पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. मात्र हा खर्च वाढला आहे. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या पुनर्नोंदणीची फी ६०० रुपयांवरून ५,००० वर गेली, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरील गाडीस ती १०,००० आहे. पर्यावरण कर निराळा. या खर्चाची बेरीज करून मगच गाडी ठेवावी की द्यावी हे ठरवावे.

दुकानदाराकडे जुनी देऊन नवी घेताना तो जुन्या गाडीची किंमत एक सांगतो, 'एक्सचेंज बोनस' म्हणून दुसरी रक्कम सांगतो आणि नव्या गाडीवरील सूट तिसरी. या तीन आकड्यांत गुंतू नये. सर्व कर, विमा आणि नोंदणीसह आपल्या खिशातून अखेर किती रुपये जावयाचे, हा एकच आकडा दोन-तीन ठिकाणी विचारून ताडून पाहावा. ओळखीच्या माणसास परस्पर विकल्यास किंमत बहुधा अधिक येते. जुन्या गाडीच्या व्यापाऱ्यास आपल्या नफ्यावर १८ टक्के कर भरावा लागतो आणि तोही तो आपल्याच किमतीतून काढतो.

परंतु किमतीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न नावाचा आहे. गाडी दिली, पैसे घेतले, किल्ली सोपविली, की सुटलो, असे समजणे चूक होय. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी याचा स्पष्ट निर्णय दिला आहे. मूळ मालकाने गाडी विकली होती, ती पुढे आणखी हातांतून गेली होती, आणि २००९ साली तिच्याखाली सापडून एका मुलाचा जीव गेला. सरकारी दप्तरात नाव मात्र मूळ मालकाचेच राहिले होते. ज्याच्या नावे नोंद, तोच कायद्याने मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच, असे न्यायालयाने ठरविले. गाडी डोळ्यांआड होऊन वर्षे लोटली तरी तिच्या अपघाताचे देणे दारी येऊ शकते, हे यावरून दिसून येईल.

म्हणून विक्री राज्यातल्या राज्यात असल्यास चौदा दिवसांच्या आत ती परिवहन खात्यास कळवावी. नमुना २९ आणि ३० यांवर दोघांच्या सह्या करून अर्ज पाठवावा, आणि महाड-पोलादपूरच्या गाडीचे हे दप्तर पेणच्या कार्यालयात असल्यामुळे नाव बदलल्याची नोंद तेथून आल्याची खात्री करून घ्यावी. व्यापाऱ्यास गाडी देत असाल तर तो नोंदणीकृत आहे काय ते पाहावे. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा व्यापाऱ्यास नमुना २९-सी भरून गाडी दिल्याचे कळविले, की पुढील जबाबदारी त्याच्याकडे जाते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचा दाखला जोडावा, आणि फास्टॅग बंद करावा. विम्यावरील 'नो क्लेम बोनस' मात्र देऊ नये. तो गाडीचा नसून मालकाचा असतो. पाच वर्षे दावा न केल्यास तो ५० टक्क्यांपर्यंत चढतो आणि दाखला घेतल्यास नव्या गाडीच्या विम्यास लावून मिळतो.

गाडी चालण्याजोगी उरली नसेल तर ती भंगारवाल्यास न देता सरकारमान्य मोडणी केंद्रास द्यावी. तेथून मिळणाऱ्या ठेव-प्रमाणपत्रावर नव्या गाडीची नोंदणी फी माफ होते, आणि राज्य सरकारांना मोटार करातही २५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते. भंगारात परस्पर गेलेल्या गाडीचे नाव दप्तरात तसेच राहते, हा धोका वर सांगितलाच आहे.

शेवटची गोष्ट सचोटीची. पुरात बुडालेली गाडी धुऊन, पुसून, अत्तर मारून परगावी विकली जाते, हे आपल्या भागातील लोकांस सांगावयास नको. अशा गाडीच्या तारा आतून गंजत जातात, आणि ऐन वेळी एअरबॅग उघडत नाही किंवा ब्रेकची यंत्रणा दगा देते. घेणाराने आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे काय ते पाहावे, सतरंजी उचलावी, सुट्या चाकाखालचा खळगा तपासावा. परंतु घेणाराने शोधून काढावे आणि देणाराने गप्प बसावे, हा सद्गृहस्थाचा व्यवहार नव्हे. गाडीत पाणी शिरले होते, हे खरेदीपत्रात लिहून द्यावे आणि त्यामानाने किंमत कमी घ्यावी. त्या गाडीत उद्या दुसऱ्या कोणाची मुलेबाळे बसणार आहेत.

नव्या गाडीस पाडव्याचा किंवा दसऱ्याचा मुहूर्त अवश्य पाहावा. हार घालावा, नारळ फोडावा. त्याच सुमारास जुन्या गाडीचे नाव दप्तरातून उतरले आहे, पूर्ण विमा नव्या गाडीवर चढला आहे, आणि पावसाळ्यात ती कोणत्या उंचवट्यावर उभी करावयाची हे घरातील सर्वांस ठाऊक आहे, एवढे पाहून घेतले म्हणजे कुटुंबाचा हा खर्च सत्कारणी लागला असे खुशाल समजावे.