पहिल्या पेल्यामागचे मन

राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली रंगभूमीवर आले. त्यातील शेवटची धूळधाण सर्वांना स्मरते. वैद्यकीय दृष्टीने मात्र पहिला पेला अधिक विचार करायला लावतो. सुधाकर बुद्धिमान व मानी वकील. मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळ रद्द होते आणि अपमानाने होरपळणाऱ्या त्या मनाला तळीराम दारूचा उतारा सुचवितो. सुधाकर पितो तो विसरण्यासाठी.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिन कूपर यांनी १९९४ साली मद्यपानाच्या चार प्रेरणा मांडल्या : आनंद वाढविणे, सोबतीत रंग भरणे, गटाबाहेर पडण्याची भीती आणि दुःख वा चिंता दडपणे. यांपैकी चौथी सर्वांत घातक. पेल्याने तासभर बरे वाटते, म्हणून मन तोच मार्ग पुन्हा धरते. झोप विस्कटते, दुसऱ्या दिवशी बेचैनी वाढते आणि तिच्यावरही उपाय म्हणून पेलाच हवासा वाटतो. व्यसनाधीनतेत अनुवंशाचा वाटा सुमारे निम्मा मानला जातो. उरलेल्यात परिस्थिती व मन येते.

अपेक्षेचे बळही विलक्षण असते. अ‍ॅलन मार्लॅट यांच्या १९७३ च्या प्रयोगात काहींना दारू नसलेले पेय 'यात व्होडका आहे' असे सांगून दिले. पेल्यात दारू असो वा नसो, ती आहे असे मानणारे अधिक प्याले. व्यसनी व्यक्तींतही हेच आढळले.

ही अपेक्षा घडते कोठे? येथे बालरोगतज्ज्ञाचा संबंध येतो. दारूची चव घेण्याआधीच मूल तिचा अर्थ शिकते. भांडण झाले की बाबा पितात, जत्रेत पितात, लग्नाच्या वरातीत पितात, हे ते पाहत असते. निपाणी परिसरात विड्या वळणाऱ्या आईच्या शेजारी अभ्यास करणारे मूल घरातील पैशांचा व रागाचा हिशेब आपल्याआधी ओळखते. कर्नाटकाने १ जुलै २००७ पासून सारायी या स्वस्त दारूची विक्री बंद केली. दुकानातील पाकीट गेले. पिण्याची मनातील कारणे कायद्याने जात नाहीत.

म्हणून वारंवार पोट दुखणारे, अंथरूण ओले करणारे, अभ्यासात अचानक मागे पडणारे मूल समोर आले, की इतर तपासण्यांबरोबर घरची चौकशीही करावी. वडिलांना 'किती पिता?' असे विचारले की उत्तर चुकविले जाते. 'कधी पिता, आणि त्या वेळी मनात काय असते?' हा प्रश्न माणसाला बोलते करतो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्यास 'आजच सोडा' असे सांगून घरी पाठवू नये. अचानक बंद केल्याने झटके व भ्रम संभवतात. अशांना मनोविकारतज्ज्ञांकडे सोपवावे. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे कार्य करीत आहे. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मानसिक आरोग्यविषयक सल्ला विनामूल्य मिळतो.

आणि घरोघरी एक पथ्य पाळता येईल : राग, अपमान, अपयश यांविषयी मुलांसमोर मोकळेपणाने बोलावे. दुःख शब्दांत मांडता येते, हे ज्याने बालपणी पाहिले, त्याला पुढे तळीरामाच्या औषधाची गरज कमी भासते.