ढग उतरतोय

2004 चा फेब्रुवारी संपत आलाय. पांढुर्ण्यात मामांच्या घरी साडेचार होऊन गेलेत आणि मुलताईच्या बाजूनं आभाळ भरून येतंय. जाम नदीपलीकडे, सावरगावच्या अंगाला मामांचा संत्र्याचा बगीचा आहे. मृग बहाराची फळं निम्मी झाडावर, निम्मी तोडून खाली ढिगात पडलीयेत. व्यापाऱ्याचा ट्रक उद्या यायचाय. या दिवसांत इकडे पाऊस आला तर गारा घेऊनच येईल, अशी सगळ्यांना धास्ती. मामा अंगणात जाऊन वर बघतात, मग आत येऊन कॉम्प्युटरकडे बघतात. दोन्हीकडे बघून समाधान काही होत नाही.

"लाव बे पोट्ट्या," ते माझ्या मामेभावाला म्हणतात. "सॅटेलाइट काय म्हनते ते पाहू."

कॉम्प्युटर बैठकीत आहे, कारण टेलिफोन बैठकीत आहे. मामेभाऊ मॉनिटरवरचं भरतकामाचं झाकण काढतो. शेजारी जाडजूड पुस्तकाएवढा काळा डबा; समोर बारीक दिव्यांची ओळ, मागे तीन तारा. एक जाड, नऊ पिनांची, दोन स्क्रूंनी सीपीयूला आवळलेली. दुसरी टेलिफोनची. तिसरी अडॅप्टरची, हा अडॅप्टर मात्र भिंतीतल्या बोर्डात खोचलाय. यूपीएसला मागे सॉकेट दोनच, आणि ते सीपीयू न् मॉनिटरनं आधीच धरलेत. एक्स्टेन्शन बोर्ड आणायचं घरात रोज ठरतं.

आधीचा मोडेम कॉम्प्युटरच्या पोटात होता. गेल्या वळवाच्या पावसात टेलिफोनच्या तारेनं वीज आत शिरली आणि मोडेमसोबत मदरबोर्डही घेऊन गेली. त्यानंतर नागपूरला बर्डीवर जाऊन हा बाहेरचा आणला. पोटातल्यापेक्षा महाग पडला, पण मामांचा हिशेब सरळ आहे: जळला तर हाच आधी जळेल. मामेभावाचं कारण वेगळं. बाजारातले स्वस्त इंटर्नल मोडेम निम्मं काम विंडोजच्या गळ्यात घालतात. हा आपलं आपण करतो, आणि अडकला तर कॉम्प्युटर बंद न करता याचंच बटण दाबून पुन्हा चालू करता येतो. मामींनी या सगळ्यातून एकच नियम काढलाय. गडगडलं की टेलिफोनची तार उपसायची. आत्ताही त्या सॉकेटजवळ मोढा टाकून बसल्यायत, हातात निवडायची मेथी.

"फोन कोनी उचलू नोका वं!" मामेभाऊ घरभर ऐकू जाईल असं ओरडतो. माजघरात याच लाइनचा दुसरा फोन आहे.

"हाव!" आतून आवाज येतो.

डबा आधी डायल टोन ऐकवतो, मग 172 नं सुरू होणारा नंबर भरभर वाजवतो. पलीकडे घंटी जाते आणि उत्तरादाखल एक लांब शिट्टी येते. ही 2100 हर्ट्झची शिट्टी मधल्या यंत्रणेला सांगते की आता माणसं बोलणार नाहीत, तुमचे प्रतिध्वनी दाबायचे उद्योग थांबवा. मग दोन्ही टोकांचे मोडेम एकमेकांवर खेकसतात, घुमतात, फुसफुसतात. मधली तार किती बरी, किती वाईट ते तपासून वेग ठरवतात. हा गोंधळ एका आज्ञेनं बंद करता येतो. एटीएमझीरो. मामेभावानं एकदा केलाही होता. मामांनी परत चालू करायला लावला.

"आवाज आला पायजे," ते मला समजावतात. "मंग समजते, लागलं का नाई लागलं."

फुसफुस एकाएकी तुटते. 'सीडी' लिहिलेला दिवा स्थिर लागतो. म्हणजे लागलं. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा येतो, 31,200.

डब्यावर छापलंय 56. तेवढा वेग फक्त येणाऱ्या माहितीला, तोही तार अगदी स्वच्छ असेल तर. जाणाऱ्या माहितीला 33.6 च्या वर जागाच नाही. कोरड्या, शांत दिवशी या घरात 44,000 लागतं. आज खांबापासून घरापर्यंतची तार वाऱ्यानं हेलकावे खातेय, कुठेतरी सांधा खरखरतोय, म्हणून 31,200. हवामानाचा अंदाज खरं तर इथेच मिळाला, पण त्याकडे लक्ष कोण देतो?

हवामान खात्याचं पान उघडायला लागतं. आधी अक्षरं येतात, मग रिकामे चौकोन. मामांना हवंय ते कल्पना-1 नं काढलेलं ढगांचं चित्र. हा उपग्रह 12 सप्टेंबर 2002 ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीनं वर गेला, तेव्हा त्याचं नाव होतं मेटसॅट. पुढच्या फेब्रुवारीत कोलंबिया यान कोसळलं, आणि त्याला कल्पना चावलांचं नाव मिळालं. विषुववृत्ताच्या वर सुमारे 36,000 किलोमीटरवर तो जागच्या जागी थांबल्यासारखा असतो आणि आपल्याकडचे ढग टिपत राहतो. मामेभावानं हे सगळं शाळेच्या वहीत लिहून ठेवलंय. मामांना त्यातलं एकच पुरे आहे: हा वरून पाहतो.

चित्र वरून खाली, पट्टीपट्टीनं उतरतंय. हिंदुकुश. काश्मीर. 'आरडी'चा दिवा लुकलुकतोय. मामा त्याला येनारा दिवा म्हणतात आणि डोळे पडद्यापेक्षा त्याच्यावरच ठेवतात. दिवा लागला म्हणजे माल येतोय, विझून राहिला म्हणजे कुठेतरी अडलाय. पोटातल्या मोडेमनं हे कधी दाखवलंच नसतं. दिल्ली आली. जयपूर आलं असावं.

"हे आपल्याले नोको," मामा चित्राला सांगतात. "खाली चाल, खाली चाल."

ग्वाल्हेरच्या आसपास येणारा दिवा विझतो. मागोमाग सीडी विझतो.

"अरे, फोनमंदी कायचा आवाज होऊन रायला?" माजघरातून आजी.

"आई, ठेव तो! ठेव!"

"सौंसरवाली चार वाजता फोन करतो म्हनली होती. तिचा हरभरा सोंगून पडला हाय. आता तिले इचारू बी नोको का?"

मामा उत्तर देत नाहीत. मामेभाऊ पुन्हा नंबर लावतो. या वेळी शिट्टीनंतरचं खेकसणं जास्त लांबतं आणि आकडा येतो 28,800. चित्र पुन्हा हिंदुकुशापासून सुरू. मोडेमला काय, काश्मीर आधी पाहिलंय की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही.

दूर कुठेतरी गडगडतं. मामी मेथी खाली ठेवतात.

"दोन मिनिट, वं," मामा म्हणतात.

"मागच्या टायमाले बी दोनच मिनिट म्हनलं होतं तुमी."

चित्राच्या माथ्यावर वेळ छापलीय, 0900. मामा दचकतात. "सकाळचं हाय का हे?" तसं नाही, ती ग्रिनिचची वेळ. साडेपाच तास मिळवायचे, म्हणजे दुपारचे अडीच. आता पाच वाजायला आलेत. ढग तेव्हा कुठे होता ते दिसणार, एवढंच. तरी सगळे पुढे सरकतात, मीही. भोपाळ येतं. त्याच्या खाली एक पांढुरका पट्टा दिसायला लागतो, खानदेशाकडून चढत आलेला, बैतुलच्या अंगाला दाट.

"आपलं गाव कुठी हाय?"

मामेभाऊ पडद्यावर बोट ठेवतो. त्याच्या एका नखाखाली बैतुल, मुलताई, पांढुर्णा आणि सौंसर चारही झाकले जातात. उपग्रहाच्या इन्फ्रारेड डोळ्याला आठ किलोमीटरपेक्षा बारीक काही दिसत नाही, आणि पडद्यावर येईतो चित्र आणखी लहान झालेलं असतं. मामा नखाकडे बघत राहतात.

तेवढ्यात लाइट जाते.

मध्य प्रदेशात बिजली-सडक-पानीवर निवडणूक होऊन सरकार बदललं त्याला तीन महिनेही झाले नाहीत, पण पंख्याला ते कोणी कळवलेलं दिसत नाही. यूपीएस किरकिरायला लागतो. पडद्यावर नागपूरपर्यंत उतरलेलं चित्र तसंच उजळ आहे. डबा मात्र एका झटक्यात काळा, कारण त्याचा अडॅप्टर भिंतीत. मामी संधी साधून डब्याला जोडलेली टेलिफोनची तारही उपसतात.

आणि फोन वाजतो. त्याला घरच्या लाइटशी काय करायचंय? एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांवर तो अंधारातही वाजतो.

"हां भैया, बोलो," मामा उचलून म्हणतात. पलीकडे मुलताईचा संत्र्याचा व्यापारी आहे. तो इतक्या मोठ्यानं बोलतोय की आम्हाला निम्मं ऐकू येतंय. आधे घंटे से लगा रहा हूं, बिजी बता रहा है.

"कब गिरे? … कितने बडे? … बेर जैसे? … हवा किधर की है?"

मामा फोन ठेवतात. मुलताई इथून चाळीसेक किलोमीटर.

"बोराएवढ्या गारा पडल्या तिकडं. पंधरा मिनिट झाले. इकडंच सरकून रायलं." मग मामेभावाला, "पोट्ट्या, लुना काढ. सालदाराले म्हन, ताडपत्री टाक ढिगावर, न् पोत्यात भरलेले तेवढे शेडमंदी घे." तो यूपीएस बंद करायलाही थांबत नाही. पडद्यावरचा पांढरा पट्टा मी कळ दाबून विझवतो.

"सौंसरले सांग आधी," आजी दारात येऊन उभी राहते. "इथून तिथं जाईल ते."

मामा नंबर फिरवतात, ऐकतात, ठेवतात. पुन्हा फिरवतात.

"बिझी येऊन रायला."

"कोनाशी बोलते एवढी?"

मला आठवतं. गेल्या महिन्यात सौंसरचा मावसभाऊ आमच्यासोबतच बर्डीवर आला होता, आणि असाच एक डबा त्यानंही घेतलाय. मी ते सांगतो.

"म्हंजे तो बी ढगच पाहून रायला असन," आजी म्हणते.

मामा आणखी एकदा लावून बघतात. मामी बॅटरी आणून डायरीवर धरतात आणि मावशीच्या घरासमोरच्या किराणा दुकानाचा नंबर शोधायला लागतात. तो कशाखाली लिहिलाय, किराणा की सौंसर, यावर दोघांचं एकमत होत नाही.