रोजचाच समुद्र

मे महिना लागला की आजही मला आधी आठवतो तो एसटीतला डिझेलचा वास आणि मग खारा वारा. माझं आजोळ गुहागरचं. परीक्षा संपली की आई आम्हा तिघा भावंडांना घेऊन कराडहून लाल गाडीत बसायची. पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. घाटात कुणाला तरी हमखास उलटी व्हायची, म्हणून आईच्या पिशवीत लिंबू आणि आवळासुपारी तयारच. चिपळूण आलं की हवा चिकट व्हायची आणि आम्ही "आलं, आलं" करत उठून उभे राहायचो. गुहागर तिथून अजून तासा-दीड तासावर असायचं, ते वेगळं!

मामाच्या घरामागे नारळी-पोफळीची वाडी. वाडीचं बेडं ओलांडलं की सुरूची झाडं आणि समोर समुद्र. मावश्या, मामा, सगळ्यांची मिळून आम्ही चौदा मुलं. सकाळी मऊभात-मेतकूट, दुपारी आमरस आणि ऊन कलायला लागलं की पाण्यात.

निघताना स्वयंपाकघरातून मामीचा आवाज यायचा, "आज चतुर्थी हो! चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती झाली, आता पाणी उतरतंय. ओढ असते, गुडघ्याच्या वर जाऊ नका!"

तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशोब मला मामीनं शिकवला. पंचमीला पावणेचार, षष्ठीला साडेचार. भरती रोज साधारण पाऊण तास पुढे सरकते, म्हणून हे गणित जमतं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एक नजर टाकून मामी समुद्राची वेळ सांगायची. पण स्वतः मात्र कधी यायची नाही.

कशी येणार? मे महिना म्हणजे आगोटीची कामं. आंब्याची साटं, फणसाचे गरे, आमसुलं, सगळं पावसाआधी वाळवून भरायचं. त्यात आम्ही वीस-बावीस पाहुणे. आई आणि मावश्या माहेरपणाला आलेल्या. त्यांना कोणी कामाला हात लावू द्यायचं नाही. ते माहेरपण कुणाच्या जिवावर चाललंय, हे तेव्हा आम्हा मुलांना कुठलं कळायला!

1989 ची गोष्ट. मी अकरा वर्षांची होते. सहज विचारलं, "मामी, तू का गं येत नाहीस पाण्यात?" ती हसून म्हणाली, "अगं, आम्हाला काय, रोजचाच समुद्र." आई शेजारीच शेंगा सोलत बसली होती. ती काहीच बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता आईनं पदर खोचला आणि मामीच्या हातातली पळी काढून घेतली. "वहिनी, आज मुलांबरोबर तुम्ही जायचं." मामी गडबडली. "अहो वन्सं, असं काय करता! रात्रीचं व्हायचंय सगळं." आई म्हणाली, "खिचडी मलाही येते."

त्या दिवशी सप्तमी होती, सव्वापाचची भरती. पाणी अगदी वर आलेलं. मामी आधी घोटाभर पाण्यात उभी राहिली, साडी सावरत. मग एक लाट आली आणि ती सरळ खालीच बसली. आम्ही घाबरलो, बघतो तर मामी हसत होती. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. घरी येताना हळूच मला म्हणाली, "लग्न होऊन आले त्याला अठरा वर्षं झाली. आज पहिल्यांदा भिजले गं."

खिचडी खाली लागली होती. त्या रात्री कुणी नाव ठेवलं नाही.

पुढे दरवर्षी एक संध्याकाळ मामीची ठरली. आता माझ्या मुलांना भरतीची वेळ मोबाइलवर कळते. मामी मात्र अजूनही तिथीची पाऊणपटच करते.

बचत गटाच्या कामात मी बायकांना विचारते, "सुट्टीत काय केलंत?" त्या काय काय रांधलं ते सांगतात. मग मला मामी आठवते. मैत्रिणींनो, यंदा माहेरी जाल तेव्हा एकदा स्वयंपाकघरात डोकवा. आपलं माहेरपण जिच्या जिवावर चालतं, तिच्या हातातली पळी एक संध्याकाळ तरी आपल्या हातात घ्या. खिचडी लागली तर लागू दे.