आधी अर्धा तास, मग दोनशे तास

डोक्यावरून विमान गेले की अंगणात धावत यायचे आणि हात हलवायचे, हा आपल्याकडच्या मुलांचा जुना रिवाज आहे. विमानात बसलेल्यांना ते हात कधी दिसत नाहीत आणि मुलांनाही त्याचे काही वाटत नाही. पुढे मूल मोठे होते, विमानाचा आवाज रोजचाच होऊन बसतो आणि हात खाली येतात. पण एखादे मूल असे निघते, की बारावीचा निकाल हाती पडला तरी त्याची नजर वरच लागलेली असते. अशा मुलांच्या आईबापांसाठी, आणि काकाआत्यांसाठीही, हे चार शब्द लिहीत आहे.

आमच्या घरात असे मूल निघाले ते पालीला. पाली हे माझे माहेर. बीडपासून दहाएक किलोमीटरवर, सोलापूर-धुळे महामार्गाच्या कडेला, बिंदुसरेच्या धरणाजवळचे हे गाव. बीड शहराला आगगाडीचे दर्शन झाले ते १७ सप्टेंबर २०२५ रोजी. विमानतळाचे तर नावच काढू नका. अशा ठिकाणी माझ्या भाचीने एके दिवशी जाहीर केले, "आत्या, मी विमान चालवणार." आगगाडीची पायरी गाळून पोरीने एकदम आभाळच मागितले!

दादा तिच्याही दोन पावले पुढे. "रोडच्या कडंचं दोन एकर इकतो, पण पोरीला पायलट करतो," असे त्याने वहिनीसमोर सांगून टाकले. वहिनी काही बोलली नाही. पण त्या दोन एकरांत विहीर आहे आणि त्या विहिरीवर घरचे दूधदुभते चालते, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले होते.

मी पुण्याच्या एका बँकेत कर्जखात्यात उभा जन्म काढलेली बाई. समोरचा माणूस कितीही उत्साहाने बोलू लागला, तरी 'पैसे कशासाठी' आणि 'परतफेड कशी' हे दोन प्रश्न माझ्या तोंडून आपोआप निघतात. मी दादाला म्हटले, "जमिनीचे राहू दे. आधी अर्धा तास विकत घेऊ, मग दोनशे तासांचे बोलू."

हे दोनशे तास म्हणजे काय, ते सांगायला हवे. विमान कंपनीत नोकरी करायची तर व्यापारी वैमानिकाचा परवाना लागतो. त्यासाठी वय किमान १८ वर्षे हवे, बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवे, आणि हवेतले २०० तास भरावे लागतात. त्यांतले १०० तास विमानाची सारी जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेऊन काढायचे असतात. शिवाय हवाई मार्गशोधन, हवामान, हवाई नियम आणि विमानाची तांत्रिक माहिती या विषयांच्या लेखी परीक्षा असतात आणि त्यांत उत्तीर्ण होण्यास शेकडा ७० गुण लागतात. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. हे सगळे आपल्या देशात करायचे तर खर्च पन्नास लाखांच्या आगेमागे जातो. परवाना मिळाला म्हणजे लगेच नोकरी मिळाली असेही नाही. मोठे विमान चालवण्याचे शिक्षण पुन्हा निराळे आणि त्याचे पैसेही निराळे.

उलट ओळखीचे पहिले उड्डाण असते फक्त अर्ध्या-पाऊण तासाचे. त्याला एखाद्या चांगल्या पैठणीइतके पैसे पडतात. दोन एकर जमिनीच्या निर्णयापुढे पैठणी ती काय!

आमच्या दारावरून जाणारा महामार्ग थेट धुळ्याला जातो, हा एक चांगला योगायोग. आणि धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर बॉम्बे फ्लाइंग क्लबचे शिक्षण चालते. हा क्लब १९२८ सालचा, मूळचा मुंबईत जुहूचा. जे. आर. डी. टाटा तिथेच विमान चालवायला शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना हिंदुस्थानात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्यावर क्रमांक होता १. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी ते कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन जुहूला उतरले आणि टाटांची हवाई टपालसेवा सुरू झाली. जुहूच्या आसपास पुढे इमारतींची दाटी झाली. शिकाऊ वैमानिकाला लागते मोकळे आभाळ, आणि ते खानदेशात भरपूर आहे.

कन्नडचा घाट उतरून, चाळीसगाव मागे टाकून आम्ही दोघी धुळ्याला मुक्कामाला गेलो. उड्डाण भल्या सकाळचे होते. ऊन चढले की जमीन तापते, तापलेली हवा वर उसळते आणि छोट्या विमानाला बैलगाडीसारखे हिसके बसतात. त्यामुळे नवख्या माणसाला सकाळचीच वेळ बरी.

विमान होते सेसना १७२ जातीचे, चार आसनांचे आणि पंख डोक्यावर असलेले. जवळून पाहिले तर मोटारीपेक्षा फार मोठे वाटत नाही. मला वाटले होते, आता आत बसायचे आणि निघायचे. पण पहिली वीस मिनिटे आम्ही विमानाभोवती प्रदक्षिणाच घातली! शिक्षकांनी पंखांच्या टाक्यांतून थोडे इंधन एका काचेसारख्या नळीत काढून भाचीच्या हातात दिले. या इंधनाला मुद्दाम निळा रंग दिलेला असतो. त्यात पाणी मिसळले असेल तर ते तळाशी निराळे दिसते. मग तेलाची पातळी, चाके, पंखांच्या मागच्या हलत्या फळ्या आणि वेग मोजणाऱ्या नळीचे तोंड असे सगळे पाहून झाले. "हे रोज करायचं, प्रत्येक उड्डाणाआधी करायचं, आणि दुसऱ्यानं केलं असलं तरी आपण पुन्हा करायचं," शिक्षक म्हणाले. आमच्या बँकेत रोकड मोजण्याचा नियम अगदी हाच होता, त्यामुळे मला हा माणूस तिथेच पटला.

पहिली पाळी माझी होती. डावीकडचे आसन शिकणाऱ्याचे आणि उजवीकडचे शिक्षकांचे. दोघांपुढे सारखीच सुकाणू, सारखीच पायपट्टे. कानावर बोलण्याऐकण्याची टोपणे चढवली आणि इंजिन सुरू झाले. जमिनीवर विमान हाताने वळत नाही, ते पायांनी वळवायचे असते. मोटार चालवणाऱ्याचे हात मात्र सवयीने सुकाणू फिरवत राहतात आणि विमान आपले सरळच चाललेले असते. धावपट्टीच्या टोकाशी थांबून इंजिनाची पुन्हा परीक्षा झाली. त्यात ठिणगी पाडणाऱ्या दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. एक बंद पडली तरी दुसरीवर इंजिन चालावे म्हणून ही सोय असते आणि त्या दोन्ही एकेक करून तपासतात.

मग विमान धावू लागले. ताशी शंभर किलोमीटरच्या सुमारास शिक्षकांनी सुकाणू हलकेच मागे घेतले आणि खालची घडघड एकदम थांबली. जमीन सुटली हे असे कळते. पोटात थोडी कालवाकालव होते, नाही असे नाही. दोनेक हजार फुटांवर गेलो तेव्हा खाली नकाण्याचा तलाव आरशासारखा पडला होता. पांझरेची रेघ शहर चिरून जात होती आणि पलीकडे लळिंगचा किल्ला एखाद्या पुडीतल्या खड्यासारखा दिसत होता.

"आता विमान तुमचं," असे म्हणून शिक्षकांनी हात सोडले. मी सुकाणू घट्ट धरले, तसे ते म्हणाले, "दोन बोटं पुरे. विमानाला उडायचंच असतं, आपण फक्त दिशा सांगायची. आणि काट्यांकडं नका बघू, बाहेर क्षितिजाकडं बघा." सगळ्या धड्याचे सार त्यांच्या या बोलण्यात होते. नाक क्षितिजाच्या किती खाली आहे हे डोळ्यांत एकदा बसले की उंची जागेवर राहते. वळताना पंख कलला की नाक खाली जाऊ लागते, तेव्हा सुकाणू किंचित मागे घ्यायचे. हे मी चारदोन वळणे घेऊन शिकले आणि एकसष्टाव्या वर्षी स्वतःवर बेहद्द खूश झाले.

खाली उतरून जागा बदलल्या. आता भाची पुढे आणि मी मागे. खरे सांगायचे तर मी याच अर्ध्या तासासाठी एवढा प्रवास केला होता. पोरीचा चेहरा मला दिसत नव्हता, मान तेवढी दिसत होती. पहिली पाच मिनिटे ती मान ताठ होती. मग ती डावीकडे वळली, उजवीकडे वळली, पुन्हा डावीकडे. थोड्या वेळाने कानावर आवाज आला, "सर, उजव्या हाताला खाली एक विमान आहे." शिक्षकांनी पाहिले आणि "बरोबर" एवढेच म्हणाले.

उतरल्यावर मी त्यांना बाजूला घेऊन स्पष्टच विचारले, "पोरीत वैमानिकाचा गुण आहे का?" त्यांनी ना आकाशाला हात लावले ना पोरीला उपजत वैमानिक म्हटले. म्हणाले, "अर्ध्या तासात ते कुणालाच सांगता येणार नाही. पण सांगितलेलं ऐकते आणि बाहेर बघते. बाकीचं शिकवता येतं. आधी डोळे तपासून घ्या."

हा सल्ला लाखमोलाचा. वैद्यकीय तपासणी महासंचालनालयाने नेमलेल्या डॉक्टरांकडूनच व्हावी लागते. आधी दुसऱ्या वर्गाची आणि मग व्यापारी परवान्यासाठी पहिल्या वर्गाची. चष्मा असला म्हणून लगेच घाबरू नये, चष्म्यासह नजर ठरलेल्या प्रतीची असली की पुरते. रंग ओळखण्यात दोष असेल तर मात्र वाट अडते. फी भरल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेले बरे.

त्यानंतर आम्ही शाळा पाहायला निघालो. महाराष्ट्रात त्या अनेक आहेत. गोंदियाजवळ बिरसीला मोठे केंद्र आहे, आणि उत्तर प्रदेशात रायबरेलीजवळ फुरसतगंजला केंद्र सरकारची अकादमी आहे, तिथे प्रवेशपरीक्षा असते. एका शहरातल्या शाळेचा अनुभव मात्र सांगण्याजोगा आहे. काचेची कचेरी, गार वारा, चकचकीत माहितीपत्रक. तिथले गृहस्थ म्हणाले, "आजच निम्मी रक्कम भरा, पुढच्या महिन्यात फी वाढणार आहे." मी म्हटले, "आधी विमाने दाखवा." हँगरमध्ये नऊ विमाने होती. त्यांतल्या चारांवर ताडपत्री होती आणि दोघांना पंखाच नव्हता. दादाने मला कोपराने ढोसले आणि हळूच म्हणाला, "खुट्याला बांधल्याली समदीच जनावरं दूध देत न्हाईत, आक्का." आम्ही चहा न घेताच निघालो.

वाचकहो, शाळा निवडताना इमारत मोजू नका, तास मोजा. साधा हिशेब करून पाहा. समजा एका शाळेत उडणारी विमाने दहा आहेत आणि मुले शंभर. प्रत्येक मुलाला २०० तास, म्हणजे एकूण वीस हजार तास. एक विमान महिन्याला ६० तास उडाले तर दहा विमानांचे सहाशे तास होतात. म्हणजे सगळ्यांचे तास भरायला तेहेतीस महिने हवेत! माहितीपत्रकात मात्र 'दीड वर्षात परवाना' असे छापलेले असते. तेव्हा शाळेला विचारा, गेल्या महिन्यात तुमची विमाने किती तास उडाली? शिक्षक किती आहेत? विमानांची ठरावीक तासांनंतरची तपासणी इथेच होते की विमान दुसरीकडे न्यावे लागते? पावसाळ्यात किती दिवस काम बंद असते? पैसे उडालेल्या तासांप्रमाणे हप्त्याने घेता का, आणि मूल मध्येच थांबले तर उरलेले परत देता का? याची उत्तरे तोंडी नकोत, कागदावर घ्या. शाळेला महासंचालनालयाची मान्यता आहे ना, तेही पाहा. ऑक्टोबर २०२५ पासून हे महासंचालनालय उड्डाणशाळांना श्रेणी देऊ लागले आहे. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही शाळा बसली नाही, यावरून पालकांनी स्वतः किती डोळस असायला हवे ते समजावे.

आणखी एक गोष्ट करा. शाळेबाहेरच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास बसा. तिथली मुले जे सांगतील ते कचेरीत कुणी सांगणार नाही. त्यांना हेही विचारा, की हवा वाईट असताना शिक्षक उड्डाण रद्द करतात का. जो शिक्षक बेधडक 'आज नाही' म्हणतो, त्याच्या हाती आपले मूल निर्धास्त सोपवावे.

मुलीच्या जातीला हे झेपेल का, असे अजूनही कुणी विचारतेच. आमच्या शेजारच्या एका काकांनी विचारले. मी त्यांना एवढेच सांगितले, की कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी सगळा महिला चमू घेऊन इंडियन एअरलाइन्सचे विमान नेले ते १९८५ साली. या प्रश्नाचे उत्तर देऊन झाले त्याला चाळीस वर्षे उलटली.

आमच्या घरी ठरले ते असे. दुसऱ्या वर्गाची तपासणी पार पडली आहे. लेखी परीक्षांचा अभ्यास घरी बसून करायचा, त्याला विमान लागत नाही. निदान दोन विषय सुटल्याशिवाय शाळेत पैसे भरायचे नाहीत. मग शैक्षणिक कर्ज काढायचे आणि तेही हप्त्याहप्त्याने उचलायचे. दोन एकर आणि त्यातली विहीर जागच्या जागी राहील. वहिनीने हे ऐकले आणि म्हणाली, "मग आमची काय ना न्हाई. पण पहिल्यांदा कुठं उडणार ते आधी सांगा म्हणावं, मी देव पाण्यात ठिवते."

भाची सध्या हवामानाचे पुस्तक उघडून ढगांच्या जाती पाठ करते आहे. तिचे पुढे काय होईल ते तिच्या मेहनतीवर आणि थोडे दैवावर. पण तिने काय मागितले आहे, हे आता तिला ठाऊक आहे आणि आम्हालाही. आपल्याही घरात कुणाची नजर अशी आभाळाला लागली असेल, तर रागावू नका आणि हुरळूनही जाऊ नका. एखाद्या रविवारी सकाळी लवकर उठा, त्याला जवळच्या धावपट्टीवर न्या आणि अर्धा तास विकत घेऊन द्या.