चंद्रावर जाऊन आलेली पिशवी

जुनी नाणी, जुनी तिकिटे जमविणारे लोक आपण पाहतो. तसाच अवकाशात जाऊन आलेल्या वस्तू जमविण्याचाही छंद आहे. १९६१ साली सोव्हिएत रशियाचा युरी गागारिन पहिल्यांदा अवकाशात गेला. त्यानंतर अनेक जण जाऊन आले. त्यांच्याबरोबर गेलेला साधा कागदसुद्धा आज लोक मोठ्या किमतीला घेतात.

पण ती वस्तू खरोखरच वर जाऊन आली, हे ओळखायचे कसे? नुसते पाहून कळत नाही. त्याला लेखी पुरावा लागतो. एका पिशवीची हकिकत ऐका.

१९६९ च्या जुलैत नील आर्मस्ट्राँग हा अमेरिकन माणूस चंद्रावर उतरला. चंद्राला माणसाचे पाऊल लागले ते पहिलेच. त्याने तिथली थोडी माती गोळा केली आणि एका पांढऱ्या पिशवीतून आणली. पिशवी ती केवढीशी! हातभरही लांब नाही.

पुढे ती एका संग्रहालयाच्या चालकाकडे सापडली. चोरीच्या खटल्यात सरकारने ती जप्त केली. इथेच घोटाळा झाला. सरकारी यादीत दोन पिशव्यांना एकच क्रमांक पडला. त्यामुळे ही पिशवी कोणती, हे कुणाच्या ध्यानातच आले नाही. २०१५ साली सरकारने ती लिलावात काढली. एका वकीलबाईंनी ती ९९५ डॉलरांना घेतली.

बाई हुशार. त्यांनी पिशवी तपासायला नासाकडे, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी अवकाशसंस्थेकडे पाठविली. पिशवीवरचा क्रमांक आर्मस्ट्राँगच्या यानातील सामानाच्या यादीशी जुळला. आतली धूळ चंद्रावरचीच निघाली. मग काय! नासा म्हणाली, ही देशाची ठेव आहे, परत देणार नाही.

बाई कोर्टात गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये निकाल लागला. बाईंनी सरकारी लिलावात रीतसर पैसे मोजले होते. म्हणून पिशवी त्यांची ठरली. २० जुलै २०१७ रोजी न्यूयॉर्कच्या लिलावात ती सुमारे १८ लाख डॉलरांना विकली गेली.

पिशवी तीच, धूळही तीच. मग एवढा फरक कशाने पडला? एका क्रमांकाने! तो चुकीचा लिहिला गेला, म्हणून देशाची ठेव हातची गेली. तो कुणीतरी नीट वाचला, म्हणून तिची ओळख पटली.

तेव्हा मंडळी, घरातली पावती असो की दस्त असो, त्यावरचा आकडा आपण स्वतः वाचावा. मगच तो जपून ठेवावा.